लव्हाळ्याच्या गाठी

मंगळवार, दिवेलागण

डोकं नुसतं तापलंय. दोन दिवस माहेरी कळंबला काय गेले, दिरानं खालच्या वावरात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला. "वहिनी, लव्हाळ्याच्या तणाचा पार भुगा केला!" भुगा? बियाणं केलंस रे! जमिनीत गाठींची माळ असते, ती तुटली की एकेक गाठ फुटते. वाफ्यावर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक पेपर भोसकून वर येते, मुळातून विष सोडून टोमॅटो खुरटवते. दोन उन्हाळे खुरप्यानं काढल्या मी त्या गाठी. माझं ऐकायचंच नाही का कुणी?

"रोटाव्हेटर धुतला का?"

"कशाला? तसाच वरच्या वावरात घातला की."

वरच्या वावरात लव्हाळा नव्हता. एक गाठ नव्हती!

ट्रॅक्टरची चावी पिठाच्या डब्यात पुरलीय मी. त्याच्या चपलांवर खुरपं ठेवलंय.