पोळ्याच्या वाटेवरची बाग

बाबा, काल मी वाशीमच्या नव्या बागेत गेले होते. धाकट्याचं बिऱ्हाड आता तिथे आहे, नात मागे लागली म्हणून गेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बसायला घरी ओटा नाही का. पण तिथे खरोखरच सगळे येतात. पोरांना झोके आहेत, जवानांना कुस्तीचा आखाडा आहे, म्हातारे सारीपाट मांडून एकमेकांची लबाडी पकडत बसतात, आणि मेंदीच्या कुंपणाआड बायकांसाठी एक दगडी बाक आहे. नात झोक्याकडे पळाली आणि मी बाकावर टेकले. टेकले मात्र, तुमचा असा काही राग आला की शेजारच्या बाईनं विचारलं, पाय दुखतात का. मी हो म्हटलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. इतक्या जुन्या रागाला परक्या बाईपुढे दुसरं काय नाव द्यायचं.

आपल्या गावातही अशी बाग होती. तुम्ही ती विसरला असाल, मी नाही. वेशीबाहेरच्या पडीक जागेवर शाळेच्या मास्तरांनी ती चैत्रात आखली. गावाच्या त्या बाजूला आपलं वजन, म्हणून आधी तुम्हाला विचारायला आले. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "करा ना बाग. आमचं काय जाते?" चैत्रात पोळा कोणाच्या ध्यानात असतो? तुमच्या नव्हता, मास्तरांच्या नव्हता, गावात कोणाच्याच नव्हता. पोळ्याला बैल गावच्या तोरणाखाली नेण्याची वाट त्याच जागेतून जाते, हे एकाही शहाण्याला आठवलं नाही. लोकांनी दगड वाहिले, खांब पुरले, आखाड्याची माती चाळली. पावसाळा लागला तेव्हा बाग उभी होती.

आईला मी रिकाम्या हातांनी बसलेलं आयुष्यात त्या बागेतच पाहिलं. घरी ती बसायची ती निवडायला, वळायला, दळायला. बागेत दिवेलागणीआधी घटकाभर बायका जायच्या, तशी तीही जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिला हातांचं काय करावं ते समजेना. मांडीवर ठेवले, पदराखाली घेतले, शेवटी बाकावर दोन्ही बाजूंना टेकले. मग माहेरच्या कोणत्या तरी गाईची गोष्ट सांगताना ती इतकी हसली की मला ती ओळखू येईना. बाकाच्या पायाशी तिनं तेरडा लावला. तुम्ही जेवताना म्हणालात, "तेरड्याचा रंग तीन दिवस. अन् बागेचाही तितकाच." तिनं तुम्हाला आणखी एक भाकर वाढली.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा सगळ्यांना वाट आठवली. मास्तर पुन्हा दारात आले. हात जोडून म्हणाले, "विहिरीकडून वळसा घ्या, पाटील. चाळीस पावलं जास्त होतील, पन बाग वाचंल." तुम्ही म्हणालात, "मानाची जोडी वळसा घालत नसते, मास्तर. आमच्या आजापासून जे सरळ गेलं, ते सरळच जाईन." चैत्रात हो कोण म्हणालं होतं, हे विचारायची मास्तरांची छाती झाली नाही. आत चुलीपाशी आई ऐकत होती. रात्री तिनं एकदाच विचारलं, "चाळीस पावलानं काय बिघडते हो?" तुम्ही म्हणालात, "तुले नाही समजणार." तिला बरंच समजत होतं, बाबा.

पोळ्याचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. शिंगांना बेगड लावलेली, पाठीवर झुली. आपली जोडी सगळ्यांच्या पुढे, कासरा तुमच्या हातात. मास्तर विहिरीच्या वळणावर उभे आहेत, लोक आपल्या बाजूनं येतील अशी भाबडी आशा धरून. तुम्ही वळत नाही. बागेच्या फाटकाचा आडणा, तो आडवा दांडा, निघालेला आहे. आपली जोडी बागेत शिरते, आणि एकदा मानाची जोडी गेली की मागून सारा गाव. मधेच डफड्याला बैल बुजतात. झोक्याचा खांब आडवा होतो, मेंदी जाते, आखाड्याचा चिखल होतो, आणि बाकाचा दगड दोन तुकडे होऊन पडतो. दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच फाटक सरळ करत होते. लोक हसले, म्हणाले, बैल गेला अन् झोपा केला. ती बाग पुन्हा कोणी उभी केली नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल ओवाळायला दारात आले. रीतच ती, घरच्या बाईनं पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी चारायची. आई पाट घेऊन बसली. उजव्या बैलाचा खूर धुताना तिचा हात थांबला. खुराच्या फटीत तेरड्याची गुलाबी फुलं चिखलात रुतली होती. तिनं ती बोटानं काढली, खूर स्वच्छ धुतला, बैलाला नमस्कार केला. मग मान वर न करता विचारलं, "फाटक कोनं उघडलं?"

तुम्ही म्हणालात, "म्या."

त्यानंतर ती तुमच्याशी कामापुरतंच बोलली. सण झाले, माझं लग्न झालं, तुम्ही आजारी पडलात, तिनं काही कमी केलं नाही. पण ती हसली नाही आणि रिकामी बसली नाही. तुम्ही गेलात तेव्हाही दळत होती. मीही तिच्याच बाजूनं उभी राहिले, तुमच्याशी तुटक वागले, आणि ते मला शोभूनही दिसलं.

"म्या" म्हणालात ते मला वाचवायला की आपल्या मानात वाटेकरी नको म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. काही केलं तरी तुमचं चांगलं मानायला माझं मन तयार होत नाही. आडणा मी काढला होता, बाबा. तुम्ही जोडी घेऊन येताना मला नुसतं म्हणालात, "जाय, फाटक उघड," आणि साऱ्या गावासमोर तुम्ही लेकीला काम सांगितलंत, एवढ्यानंच मी फुगले. आईचा बाक मला तिथून दिसत होता. तरी काढला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि खरं तर ते तुमच्या नावाचंही नाही. आई त्या पोळ्यानंतर तेरा वर्षं जगली. मी माहेरी आले की तिच्या जात्याला हात लावून बसायची आणि तिला सगळं सांगायची, सासूचं, पोरांचं, पिकाचं. फाटकाचं तेवढं सांगितलं नाही.