सातवा दिवस, बेचाळीस किलोमीटर

४ मे, रविवार

तीस किलोमीटर पळाले आणि पाचव्या फेरीची वेळच नाही! बाबा नेहमीसारखे पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर, स्टॉपवॉच मुठीत – आणि बटण दाबलंच नाही. लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि पोरीच्या शर्यतीला चौदा दिवस उरले असताना हा गोंधळ!

"बुटात खडा गेला होता गं," म्हणे. बाकावर बसलेल्या माणसाच्या बुटात खडा! अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडले. ते डावा खांदा चोळत हसत बसले.

चिडू नको तर काय करू? ही शर्यत दरवर्षी शनिवारी. शनिवार आम्हा ज्यूंचा शब्बाथ – त्या दिवशी शर्यत नाही, विषय संपला. बाबांनी आयोजकांना सहा वर्षं पत्रं लिहिली. "आमच्या मुलीला धावायचे आहे, वार बदलता आल्यास पाहावे." पाच वर्षं छापील नकार. या वर्षी रविवार! आणि ऐन वेळी यांच्या बुटात खडा.

१२ मे, सोमवार

बाबा गेले. काल संध्याकाळी. आज दफन.

डॉक्टर म्हणाले, छातीत दुखणं तीन महिने तरी असणार. तीन महिने! या घरात कुणी कुणाला म्हणून काही सांगत नाही. राग येतोय. रडू येत नाही, नुसता राग.

१३ मे, मंगळवार

आमच्यात दुखवट्याचे सात दिवस घरातच बसायचं. दादा आणि मी दिवाणखान्यात बुटक्या स्टुलांवर, शेजारी शेजारी. सदऱ्याची कॉलर फाडलेली, आरसे झाकलेले, पायात चामडं नाही. माझे जुने धावण्याचे बूट कापडी, म्हणून तेच घातले. दादानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मी नाचायला निघाले आहे.

दफनाचा सोमवार पहिला दिवस. म्हणजे रविवार सातवा. शर्यत रविवारी, सकाळी सातला.

दादाला विचारलं. "सात म्हणजे सात," एवढंच.

"मग बाबांनी सहा वर्षं पत्रं लिहिली ती कशाला?"

"बाबा असते तर तेही बसले असते."

बाबा असते तर बसायची वेळच आली नसती, शहाण्या! हे मोठ्यांदा म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर दादा माझ्याशी बोललेला नाही. न बोलो!

१४ मे, बुधवार

माणसं येतात, बसतात, "वय झालं होतं" म्हणतात. एकसष्ट! चष्म्याच्या दुकानातला माझा मालकसुद्धा आला आणि जाता जाता विचारतो, सोमवारी भिंगं घासायला येणार ना? त्याच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं. पण आमचं दार या दिवसांत उघडंच ठेवतात.

१५ मे, गुरुवार

दादा फोनवर होता, पलीकडच्या खोलीत, हळू आवाजात. प्रार्थनालयातल्या शिंपीकाकांशी – तिथले सगळ्यात ज्येष्ठ, सगळे त्यांचं ऐकतात.

"रविवारी पाचला. हो, फार लवकर आहे, ठाऊक आहे. तिला मात्र काही बोलू नका."

म्हणजे पहारा! पहाटे पाचपासून म्हातारा दारात बसवणार, मी पळून जाऊ नये म्हणून. माझं वय छत्तीस!

१६ मे, शुक्रवार

कळस झाला. शर्यतीसाठी बाबांनी घेतलेले नवे बूट, या आठवड्यात पायाला सवय करायची होती ते – वहिनीच्या पायात! आमचं माप एकच. ते घालून ती बाजारात जाऊन आली, वर जिना चढउतर करतेय.

"कुणी दिले तुला?"

"तुझ्या दादाला विचार."

दादा ऐकून न ऐकल्यासारखा पुस्तकात डोकं खुपसून. कसले नियम धुंडाळतोय तोच जाणे. बाबांनी दिलेली शेवटची वस्तू, आणि ती घालून भाजी आणायची! वहिनी संध्याकाळी बूट पुसून परत द्यायला आली. म्हटलं, तुलाच लखलाभ. हातही लावला नाही.

१७ मे, शनिवार

शब्बाथ संपला, तीन तारे दिसले, आता लिहिते. सकाळी प्रार्थनालयात शिंपीकाकांनी पाठीवर थाप मारली. "उद्या लवकर उठायचंय हं, पोरी!" वर हसतात. जखमेवर मीठ.

उठणार ना. तुमच्याआधी उठणार!

१८ मे, रविवार, पहाटे साडेचार

स्वयंपाकघराच्या दारानं निघतेय, पहारा बसायच्या आत. जुनेच बूट. खिशात बाबांचं स्टॉपवॉच.

१८ मे, रविवार, दुपार

चार तास एकोणीस मिनिटं. दोन्ही टाचा सोलल्या.

घरी आले, भांडायच्या तयारीनं. पुढच्या दाराच्या आत नवे बूट ठेवलेले, लेस ओवलेल्या. शेजारी एक केळं.

वहिनीनं मला पाहिलं आणि रडायलाच लागली. "दुखवट्यात नवं घालत नाहीत. आधी दुसऱ्यानं वापरलं तर चालतं, म्हणून मी घालून फिरले. प्रार्थनेला दहा जण लागतात, ते दहाही पाचला आले होते गं! सहाच्या आत प्रार्थना झाली. ती झाली की सातवा दिवस पुरा धरतात. तू सातला सुटलीच असतीस. शिंपीकाका तुला 'ऊठ' म्हणणार होते, म्हणजे दुखवटा सुटला. मी बोलवायला खोलीत गेले तर पलंग रिकामा."

"मग सांगितलं का नाही?"

"दहाच्या दहा येईपर्यंत बोलायचं नाही, तुझे दादा म्हणाले. तुमच्या बाबांसारखेच."

दिवाणखान्यात दादा. अजून बुटक्या स्टुलावर. दुपारचे साडेबारा.

"उठला नाहीस?"

"दोघं बसलो होतो. एकटा कसा उठू?"

माझं स्टूल त्याच्या शेजारी तसंच होतं. घामेजल्या कपड्यांनिशी बसले. आणि मग गुडघे हलेनात, उठताच येईना! दादानं हात दिला.