माहेरी गेलेली हरणी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

निशिगंधा मॅडम आल्या होत्या. आमच्या सरांच्या जागी शाळेत आलेल्या नव्या बाई. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, काकू, हरणाचा सिनेमा यंदा तुम्ही दाखवा.

मी! चार बायकांत बोलायचं तर माझ्या घशाला कोरड पडते. बी.ए. केलं तेही शेवटच्या बाकावर बसून.

चौदा वर्षं दर जानेवारीत सर तो सिनेमा दाखवायचे. जुना, चित्रांचा, इंग्रजी. जंगलातली पिल्लं लहानाची मोठी होतात, एवढीच गोष्ट. आवाज बंद करून सर पडद्याशेजारी उभे राहायचे आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः बोलायचे. हरीण वेगळं, घुबड वेगळं. साळिंदर तर थेट युनूस मेकॅनिकसारखं! मॅडमनी हिंदीतला लावून पाहिला, तर पोरं म्हणाली, हा नाही, सरांवाला पाहिजे.

नाही म्हणून सांगितलं.

५ जानेवारी

नाही म्हटलं खरं, पण पेन ड्राइव्ह शोधून ठेवला. सरांच्या चष्म्याच्या डबीत होता.

दारातली सरांची चप्पल पुसली. शेजारच्या विमलताई पाहतच होत्या. पोळ्याला गेले ते, चार महिने झाले, आता तरी उचला म्हणतात. उचलीन.

८ जानेवारी

बीपीच्या गोळ्या आणायला पांढरकवड्याला गेले होते. परत येताना फाट्यावर उतरले, तर तिथल्या दगडावर अपेक्षा बसलेली. मथुराबाईंची नात, दुसरीत आहे. दप्तर मांडीवर, समोरून ट्रक जाताहेत. कोणाची वाट पाहतेस विचारलं.

"आईची. ते राळेगावले गेली न, माहेरी. हरणाची आई गेलती तशी."

तिची आई ऑगस्टमध्ये नागपूरच्या दवाखान्यात वारली. डेंग्यूनं. पोरीला तेव्हा आत्याकडे ठेवलं होतं.

तिचा हात धरून घरी सोडून आले.

९ जानेवारी

लिहूनच टाकते. सिनेमात पूर येतो. हरणी पिल्लाला काठावर ढकलते आणि स्वतः वाहून जाते. ती जागा आली की सर प्रोजेक्टरच्या भिंगावर पंजा ठेवायचे. पडदा काळा. "रात्र झाली पोरंहो! सकाळी पिल्लू उठलं, तर आई माहेरी गेलती." मग पंजा काढायचे. पुढचं सुरू.

सरांचा जुना विद्यार्थी रजत कॉलेजात गेला तरी एकदा रस्त्यात विचारत होता, सर, ते हरणी वापस कवा येते? घरी येऊन आम्ही दोघं हसलो होतो.

हसलो होतो.

१२ जानेवारी, रविवार

सरांचे मोठे भाऊ सदाशिवराव तुरीच्या शेंगा घेऊन आले. बोलता बोलता फाट्यावरचं सांगितलं. ते बराच वेळ शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, त्यालाही असंच सांगितलं होतं.

आई गेली तेव्हा सर पाच वर्षांचे. घरच्यांनी सांगितलं, आई केळापूरला माहेरी गेली. एका सकाळी हा एकटाच पायी निघाला. दिवसभर मामाच्या अंगणात बसून राहिला. शेवटी मामानं सांगितलं, बेटा, तुझी आई मेली.

"त्या मामाशी तो मरेपर्यंत बोलला नाही," सदाशिवराव म्हणाले.

तीस वर्षं संसार केला. मला हे माहीत नव्हतं! मामांच्या घरी लग्नाला जाऊ या म्हटलं की सर रागवायचे, आणि मला वाटायचं आहेराचं काही असेल.

म्हणजे पंजा पोरांसाठी नव्हता. आणि जो खरं सांगेल त्याच्याशी पोर बोलणार नाही, हेही कळलं.

१४ जानेवारी. संक्रांत.

हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी कोपऱ्यातच बसून आले असते. दुपारी मथुराबाईंकडे गेले. अपेक्षा खेळायला गेली होती. तिचा बाप संघदीप कापसाच्या गंजीला टेकून बसलेला. मी म्हटलं, पोरीला खरं सांगा. फाट्यावर बसते ती, एखाद्या दिवशी राळेगावच्या गाडीत चढेल.

मथुराबाईंनी सूप थांबवलं.

"तुमच्या सरानंच शिकवलं आमाले. पोरीनं इचारलं, आई कुठी हाय? माह्या तोंडात तेच आलं. आता मले ते मांगं घेता येत नाही, मास्तरीन."

मी मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तूच सांग. तुले सांगता येत असन त सांग." संघदीपनं मान हलवली आणि उठून आत गेला.

तिथूनच मॅडमकडे गेले, होकार दिला. २५ तारीख, शनिवार.

१७ जानेवारी

तालीम. कढईसमोर उभी राहून बोलले. घुबडाला सर्दी झाल्यासारखं वाटतं. माझं मलाच हसू आलं, आणि पोळ्यापासून पहिल्यांदा हसले हे नंतर लक्षात आलं.

२४ जानेवारी

उद्या. जेवण जात नाही.

२५ जानेवारी, शनिवार

झालं!

नीट लिहिते. खिडक्यांना कापसाच्या गाड्यांच्या ताडपत्र्या लावल्या, दिवसाउजेडी अंधार केला. पोरं सतरंज्यांवर, अपेक्षा दुसऱ्या ओळीत. मागं मथुराबाई आणि संघदीप. युनूसभाईंनी सकाळीच येऊन प्रोजेक्टर पुसून ठेवला होता, तेही दाराशी बसले.

पहिली दहा मिनिटं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, काकू, जोरात! तेवढ्यात पडद्यावर साळिंदर आलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अबे रुक ना यार, पाना कहां रखा मेरा?" पोरं लोळायला लागली! युनूसभाई दारातून म्हणाले, "भाभी, तुम भी?" त्यानंतर घसा मोकळा झाला. घुबड बोलले, खार बोलले, पिल्लू बोलले. घुबडाला सर्दी होती तशीच ठेवली, आवडली त्यांना.

मग पूर आला.

मोठी पोरं आपणहूनच म्हणाली, आता रात्र होते. माझा हात वर गेला. खरंच गेला! भिंगाशी, सरांचा पंजा असायचा तिथं. बोटं उजेडात लाल दिसली. मग मी हात खाली घेतला आणि पदरात धरून ठेवला.

पोरांनी सगळं पाहिलं. हरणी ढकलते, पिल्लू वर, पाणी.

मी म्हटलं, "पिल्लाची आई मेली. ती माहेरी गेली नाही. ती परत येणार नाही. सरांना हे सांगता येत नव्हतं, म्हणून मी सांगते."

अपेक्षानं वळून मागं पाहिलं. मथुराबाईंनी मान हलवली. एकदाच. पोर पुन्हा पडद्याकडे वळली.

मग तिचा आवाज आला, "मंग त्याले थंडीत कोन घेते जवळ?"

मी म्हटलं, पाहा. पडद्यावर कळपातली म्हातारी हरणी येऊन पिल्लाला टेकली होती. साळिंदरही आलं, काटे मिटून, जरा लांबच बसलं.

हिवाळा गेला. पिल्लू वाढलं. शिंगं फुटली तेव्हा अपेक्षा सतरंजीवर उभीच राहिली, "शिंगं आली! त्याले शिंगं आली!" शेवटी तेच हरीण कळपाच्या पुढं होऊन तीच नदी पार करतं. सरांच्या वेळी पोरं तिथं टाळ्या वाजवायची. आज पाय आपटले, सतरंज्या झोडपल्या, ताडपत्री खाली आली, सगळा उजेड आत! मॅडम रडत होत्या. मी नाही रडले. मी वाकून प्रोजेक्टर बंद केला, कार्यक्रम माझाच होता.

अपेक्षा मात्र माझ्याशी न बोलता निघून गेली.

२८ जानेवारी

राळेगावच्या गाडीच्या वेळेला मुद्दाम फाट्यावर गेले. दगड रिकामा. गाडीत तर नाही चढली? शाळेच्या मैदानावर पाहिलं तर ती लंगडी खेळत होती. मला पाहून तोंड फिरवलं.

मामांची आठवण झाली. चालेल. लंगडी खेळते आहे ना, पुष्कळ झालं.

३० जानेवारी

केळापूरच्या शाळेतून फोन आला. सिनेमा सांगायला याल का?

केळापूरला! येते म्हणाले. मामा आता नाहीत, पण त्यांच्या घरावरून जाईन.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अपेक्षा आली. दारातच उभी राहून चपलेकडे पाहत होती. "काकू, सर मेले न?"

"हो. मेले." पहिल्यांदाच म्हटलं.

"मंग चप्पल माह्या बाबाले द्या. त्याची तुटली."

दिली. बोटभर मोठी होते त्याला, पण चालतं म्हणाला.