पुढची सीट

मंगळवार, कळमनुरी

तांड्यावरच्या सोमलाचा पाय आमच्या मोटारीखाली गेला. चूक ड्रायव्हरची होती. मी कंडक्टर, सगळं पाहिलं. पण पोलीस अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांनी, पंचनाम्यात ‘सोमलाच्या गाडीचा बैल बुजला’ असं लिहिलं. मोटार नावाला त्यांच्या मेव्हण्याची, खरी त्यांचीच.

आज त्यांचे वरिष्ठ हिंगोलीहून तांड्यावर, सोमलाच्या घरी चौकशीला आले. तेही आमच्याच मोटारीतून, फुकट. अमीनसाहेबांनी सांगितलं म्हणून पुढची सीट मीच पुसून दिली.

त्यांनी विचारलं, “मोटार कोणाची?”

मी मेव्हण्याचं नाव सांगितलं. बाजेवरून सोमला म्हणाला, “पाय माझा गेला रं भाऊ, तुझी जीभ काहून गेली?”

चौकशी तिथंच संपली. साहेब परत निघाले, तेव्हा ती सीट मी पुन्हा पुसली. या वेळी तर कोणी सांगितलंही नव्हतं. मग का...