पाटावरचे तांदूळ

१४ एप्रिल १९६८
नक्की झालं. माणकूमावशी यापुढे लग्नातले धवले गाणार नाही, तिचा घसा गेला. माझ्या मैत्रिणीने, वसंतीने सांगितलं, म्हणजे खरंच. मावशीच्या जोडीने गाणारी हिराआजी ही वसंतीची सख्खी आजी.
भाईंदरला येऊन चार वर्षं झाली, पण शेजारच्या कोळीवाड्यात लग्न म्हणजे मला फक्त लाउडस्पीकर माहीत. परवा वसंती हाताला धरून हळदीच्या मांडवात घेऊन गेली. दोन म्हाताऱ्या, वाद्य कसलंच नाही. हिराआजी ओळ टाकते, माणकूमावशी झेलते. एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावतात, बसायला जागा देतात. गणपतीपासून खाडीपर्यंत कुणी सुटत नाही. माणकूमावशीचा आवाज मधेच फाटत होता. तरी काटा आला अंगावर.
आता झेलणार कोण?

१६ एप्रिल
भूगोलाच्या पेपरलाही तीच चाल डोक्यात. वसंतीला म्हटलं, शिकव ना. "येडी हायस? मांडव नसताना धवला म्हनत न्हाईत. आजी मलापन शिकवत न्हाय." मग शिकायचं कसं? "मांडवात बसून."
पुढचं लग्न हिराआजीच्या भाच्याचं, वरसाव्याला. आईला विचारलं. "परक्यांच्या लग्नात जाऊन बसायचं? रत्नागिरीला काकूंच्या कानावर गेलं तर?" विषय संपला.

१९ एप्रिल
गोंधळ केला. विहिरीवर घागर भरताना नकळत तोंडातून निघालं, चांगलं मोठ्याने. मागे हिराआजी, डोक्यावर मासळीची पाटी.
"कुनाला बोलावतेस गो?"
मी घागर खाली ठेवली.
"समद्यांना आवतन दिलंस. निघाले ते. आता बसवशील कुठं? तुज्या घरी मांडव हाय?"
रडूच आलं. ती पाटीसकट आमच्या घरी. देवांना बसायला ओट्यावर पाट मांडायला लावला, त्यावर मूठभर तांदूळ. आईला म्हणाली, "पुढचा मांडव घालतील तवा हिनंच हे तिथं आनायचे. दुसऱ्यानं न्हाय."
आई म्हणाली, "आणि नाही आणले तर?"
"मंग हितंच ऱ्हातील. सांभाल त्यांना."
आणि आईच्या हातावर चार बोंबील ठेवून गेली.

२० एप्रिल
वसंती हसून लोळली. "असला नेम मी तर कदी ऐकला न्हाय. आजीनं वाटेतच काढला असंल."
आईला हे बोलले नाही.
अण्णा कामावरून आले ते पाटाला अडखळले. "हे काय?" आई तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "पाहुणे आहेत." अण्णांनी चपला लांब काढल्या.

२३ एप्रिल
सकाळी पाट रिकामा. चिमण्या! आईने डब्यातून दुसरी मूठ घातली. "पाहुण्यांचं पाहुण्यांनी खाल्लं. उपाशी कसे ठेवायचे?" मग केर काढला. पाट हलवला नाही, भोवतीने काढला.
दुपारी निवडणटिपण करताना, माझ्याकडे न बघता: "म्हणून दाखव बघू, ते झेलतात कसं."
"इथे मांडव नाही."
"बरी शिकलीस!" हसली मात्र.

२६ एप्रिल
परीक्षा संपली. उद्या वरसाव्याला हळद. कोळीवाड्यातून लॉरी सकाळी निघणार.
आईने तांदूळ स्वच्छ फडक्यात बांधले. "टाकायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचं." बरं म्हटलं. थोड्या वेळाने सुंठ-गुळाची गोळी आणून हातात दिली. "असू दे जवळ. लॉरीत धूळ असते, घसा बसतो."
वसंती आत्ता निरोप देऊन गेली. आजी म्हणते, डाव्या हाताला बस. ती माणकूमावशीची जागा. गायचं की नुसतं बसायचं, त्याबद्दल अक्षर नाही. वसंतीने विचारलं तर म्हणाली, "पयली वल तर टाकू दे मला आदी."
माणकूमावशीही येणार आहे. समोर बसून ऐकायला.
उद्या हिराआजी पहिली ओळ टाकेल, आणि मग डाव्या हाताला मी असेन.