माझ्या नंबरावरचे एकेचाळीस पेशंट

तीर्थरूप आत्यास,

घरातल्या एकुलत्या एका पदवीधर भाचीचा वाकून नमस्कार. इकडे बाबांचा गुडघा आणि आईचा राग, दोन्ही आटोक्यात आहेत. तुझी धाप कशी आहे? (“बरी आहे” असं कळवू नकोस. परवा आईशी फोनवर बोलताना तू एका वाक्यात तीनदा थांबलीस, आणि वाक्य लहान होतं.) पत्राला उशीर झाला, कारण माझी नोकरी राहते की जाते हेच कळत नव्हतं. ती राहिली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुला ठाऊकच आहे, हॉस्पिटलने मला नावनोंदणीची खिडकी आणि लिफ्ट यांच्यामधलं एक टेबल दिलं आहे. पेशंटना हॉस्पिटलचं ॲप वापरायला शिकवायचं, तीन महिन्यांत चाळीस जण तयार करायचे, नाहीतर टेबल परत गोदामात आणि मी परत घरी. पहिले काही दिवस मी प्रत्येकाला वेळेची बचत, कागदाची बचत आणि स्वावलंबन यांवर दहा मिनिटं बोलत असे. (लिफ्टची वाट पाहणारे मन लावून ऐकत. लिफ्ट आली की स्वावलंबन तिथेच राही.) एक गृहस्थ म्हणाले, फोन जावयाचा आहे, माझ्या पोटाची कहाणी त्याला कशाला? एका आजींना वाटे, रिपोर्ट फोनमध्ये आला आणि जवळ कोणीच नसलं, तर वाचून बसायचं कुठे? एक बाई म्हणाल्या, खिडकीवरची ताई खेकसते, पण कुठल्या दाराने जायचं ते सांगते. तुझं ॲप खेकसत नाही आणि सांगतही नाही. ही सगळी कारणं मी वहीत “अज्ञान” या मथळ्याखाली लिहून ठेवली.

पहिला होकार शिंपीकाकांचा. मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी ते दर आठवड्याला येतात. मी भाषण देत होते आणि ते माझ्या बाहीची उसवलेली शिवण बघत होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी ती टाचून दिली (सुई-दोरा त्यांच्या खिशात कायमचा मुक्कामाला असतो) आणि म्हणाले, “घाल माझं नाव. पण नंबर तुझाच टाक. तुला कळलं म्हणजे मला कळलंच.” नाही म्हणायला हवं होतं. पण दहा दिवसांतला तो पहिलाच होकार, आणि माझी तत्त्वं त्या दिवशी रजेवर. त्या मुलीचा नंबर चालतो, ही बातमी काकांनी बाकाबाकावर पोचवली. दोन महिन्यांत एकेचाळीस पेशंट झाले, सगळे माझ्या नंबरावर.

मग निरोप यायला लागले. बाबांना अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची सवय. एका संध्याकाळी माझा फोन चमकला आणि त्यांनी बोट ठेवून वाचलं, “आपली सातव्या महिन्याची तपासणी उद्या दहा वाजता.” आई होती तिथेच बसली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. कोणी काही बोलायच्या आत दुसरा निरोप आला, प्रोस्टेटच्या तपासणीला उपाशीपोटी यावे. तेव्हा बाबांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, “हे काही हिचं नव्हे.”

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी सहा वाजता फोन घेऊन बसू लागले. उद्या ज्यांची वेळ, त्यांना स्वतः सांगायचं. सांगता सांगता मी जेवलात का विचारी, ते गुडघ्याचं सांगत. महिनाअखेरीला हॉस्पिटलच्या साहेबांनी पेशंटांची मतं मागवली. लोकांनी लिहिलं, ॲप फार मायेने बोलतं. ॲपने सुनेचीही चौकशी केली. परवा ॲपला सर्दी झाली होती, काळजी घ्यावी. साहेबांनी हे बैठकीत वाचून दाखवलं आणि माझं कौतुक सुरू केलं.

आत्या, त्या कौतुकासाठीच मी फोन बंद करून टेबलाच्या खणात ठेवला होता. एक वाजता उघडला, तर अकराचा निरोप. शिंपीकाकांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलं आहे, तातडीने या. ते फोन उचलेनात. मी तो निरोप नावनोंदणीच्या खिडकीवर नेऊन दाखवला. खिडकीवरच्या ताईने (हो, खेकसणाऱ्या) खिडकी लावली, म्हणाली, “चल, त्यांचं दुकान मला ठाऊक आहे,” आणि आम्ही पळालो. काका मशीनशेजारी जमिनीवर बसले होते. पायात जोर नव्हता, आणि ते त्याचा दोष सकाळच्या उपासाला देत होते. रिक्षाभर ताई त्यांच्यावर खेकसत होती, त्यामुळे ते जागे राहिले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर हृदयावर गेलं असतं.

संध्याकाळी मी साहेबांना सगळं दोन पानांत लिहून दिलं, शेवटी राजीनामाही. ते इतका वेळ वाचत राहिले की मी पंख्याची पाती मोजली. मग म्हणाले, “म्हणजे लोकांना आवडलं ते ॲप नव्हेच.” शिव्या अर्धा तास खाल्ल्या, त्या योग्यच होत्या. पण आता प्रत्येकाचे दोन नंबर घ्यायचे ठरलं आहे, एक स्वतःचा, एक विश्वासाच्या माणसाचा. आणि तातडीचा निरोप असेल तर हॉस्पिटलमधूनच कोणीतरी बोलायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. काका आज चालत घरी गेले. दुसरा नंबर त्यांनी ताईचा दिला.

तुझी,
भाची

ता. क. वहीतला “अज्ञान” हा मथळा खोडला आहे. नवा अजून सुचला नाही.

ता. क. दुसरा. आता खरं काम. त्या दोन नंबरांच्या नियमातली पहिली चूक माझ्याच हातून झाली आहे. रविवारी मी तुझं नाव नोंदवलं, आणि दोन्ही ठिकाणी माझाच नंबर टाकला. गुरुवारी दहा वाजता छातीच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ आहे. बुधवारी सहाला तुला ॲपचा फोन येईल. त्याची सर्दी अजून गेलेली नाही, तेव्हा वाद घालू नकोस. फक्त “येते” म्हण.