आजी नेमकं काय म्हणाली होती

आई, तुझी नात परवा भरसभेत तुला साक्षीदार म्हणून उभी करणार आहे, आणि तू जे कधी बोलली नाहीस ते तुझ्या तोंडी घालणार आहे. ती आता कायदा शिकते. युनिव्हर्सिटीत वादविवाद आहे, आणि विषय असा, की हिटलरने ज्यूंचा संहार केलाच नाही असं म्हणणाऱ्याला गुन्हेगार ठरवावं का. हिची बाजू 'ठरवावं'. दोन दिवस हॉलमध्ये फेऱ्या मारत भाषण पाठ चाललंय आणि मधेच एक वाक्य येतं, "माय ग्रँडमदर, अ हिस्ट्री टीचर, सेड इट शुड बी अ क्राइम." ते ऐकलं की माझी कांदा चिरायची सुरी थांबते. तू तर बरोबर उलट म्हणाली होतीस. तुझ्या जावयांना विचारावं, तर त्यांना त्या जेवणातल्या फक्त पोळ्या आठवतात. म्हणजे तू खरं काय बोललीस हे माहीत असलेली मी एकटीच उरले. पोरीला सांगावं की तिचं भाषण चालू द्यावं, हे काही केल्या ठरत नाही, म्हणून तुझ्याशी कागदावर बोलते आहे.

मंदीचं वर्ष होतं ते. तू व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे अल कुसैसला आली होतीस, बॅगेत पुरणयंत्र आणि हरभऱ्याची डाळ घेऊन, जशी काही दुबईत डाळच मिळत नाही. करामाच्या दुकानात प्रत्येक भाव दिरहममधून रुपयांत करायचीस आणि मोठ्याने "अगं बाई!" म्हणायचीस. दुकानदार केरळचा, पण तेवढं मराठी त्याला चोख समजायचं. त्यातच ह्यांची नोकरी गेली. समोरच्या इमारतीवरची क्रेन जशी थांबली तशीच थांबून राहिली, आणि ह्यांची कंपनीही. इथे नोकरी गेली की पाठोपाठ व्हिसा जातो, आणि महिन्याभरात चंबूगबाळं आवरायचं असतं. पोरगी नववीत, फ्लॅटचं भाडं भरलेलं, पुण्यात हप्ते चालू. आम्ही तुला घाबरत घाबरत सांगितलं, तर तू शांतपणे म्हणालीस, "मग ज्याच्या हातात नोकरी आहे त्याला जेवायला बोलवा." पुरणपोळीने सुटणार नाही असा प्रश्न तुझ्या मते अजून जन्माला यायचा होता.

बोलावलं ते मराठी मंडळातल्या एका कॉन्ट्रॅक्टर साहेबांना. सगळ्या गावाची कामं बंद पडत असताना ह्या माणसाला एक साइट इंजिनिअर हवा होता. ह्यांनी तुला आधीच पढवून ठेवलं होतं. मंदीचा विषय नको, इथल्या राज्यकर्त्यांचा नको, साहेबांच्या शुगरचा तर मुळीच नको. हिटलरचा नको, हे सांगायचं कुणाला सुचणार होतं?

साहेब आले, बसले, पहिल्या पोळीवर खूश झाले. सहज म्हणून त्यांनी तुझ्या नातीला विचारलं, "काय बेटा, स्कूलमध्ये काय चाललंय?" ती म्हणाली, "हिटलर अँड द होलोकॉस्ट, अंकल." साहेब हसले. "अरे, ते सगळं नंतर रचलेलं आहे. नेटवर वाच. माणूस डिसिप्लिनचा होता म्हणून बदनाम केला. आणि प्रॅक्टिकली पॉसिबल तरी आहे का? मी रोज दोनशे लेबर कॅम्पवरून साइटवर नेतो. कधी बस येत नाही, कधी ड्रायव्हर झोपलेला असतो. आणि लाखो माणसं गाड्यांत भरून नेली म्हणे! मॅनेज कोण करणार?"

तू तुपाचं भांडं खाली ठेवलंस. तुला वर्गात ओळखणाऱ्या कुठल्याही मुलाने त्या क्षणी बाकाखाली डोकं घातलं असतं. "मला सायकल चालवता येत नाही," तू म्हणालीस, "म्हणून जगात सायकली नाहीत असं होत नाही. आणि शिस्तीचं मला सांगू नका. मी आठवी क सांभाळलेली बाई आहे." हे टेबलाखालून तुला पाय मारायला गेले आणि तो साहेबांच्या नडगीवर बसला. साहेब कळवळले, तर हे घाईघाईने म्हणाले, "आई, प्रत्येकाचं आपापलं मत असतं." तू लगेच, "मत आंब्याबद्दल असतं, जावईबापू. हापूस आवडतो की पायरी. माणसं मेली की नाही, ह्यात मत कसलं?"

तेवढ्यावर राहिलं असतं तर गोडाधोडात बुजवून टाकता आलं असतं. पण नात तुझीच. "अंकल, जर्मनीत हे बोललात ना, तर यू कॅन गो टू जेल," ती म्हणाली. साहेब हात पुसायला लागले. मला डोळ्यांपुढे आमच्या बॅगा दिसायला लागल्या. आणि तू त्यांच्या पानात तिसरी पोळी वाढून वर तुपाची धार सोडलीस. "बसा," तू म्हणालीस, "पानावरून कुणाला उठवायची आमच्यात रीत नाही, आणि मी उठूही देणार नाही." "मावशी, शुगर आहे मला..." "मग बोलू नका, सावकाश चावून खा."

मग जे झालं त्याला वादविवादच म्हणायचं. तू एका बाजूला, नात दुसऱ्या, आणि ज्याच्यावरून चाललंय तो मधे बसून पोळी खातोय. तू तिला म्हणालीस, तुरुंग कशाला? थापा मारणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढलं की ते मैदानावर जाऊन हुंदडतं, वर चार पोरांचा हिरो होतं. आत बसवलं, तर निदान खरं काय ते त्याच्या कानावर पडतं. त्याला उत्तर द्यायचं, पुन्हा बोलला की पुन्हा द्यायचं, कंटाळायचं नाही. हे तुझे शब्द, मी वाटी हातात धरून दारात उभी होते.

मग तू साहेबांकडे वळलीस आणि त्यांना ते सांगितलंस जे मीही तोवर कधी ऐकलं नव्हतं. अलिबागला तुझ्या लहानपणी ज्यूंच्या इस्रायल आळीत एक जर्मन ज्यू डॉक्टरीणबाई राहायच्या, लढाईच्या आधी पळून आलेल्या. आईवडील, बहीण, बहिणीचा मुलगा तिकडेच राहिले. लढाई संपली, बाई पत्रं धाडत राहिल्या, उत्तर कशाचंच आलं नाही. तरी त्या भाच्याच्या वाढदिवसाला आळीतल्या सगळ्या पोरांना पेढे वाटायच्या. दर वर्षी तो किती वर्षांचा झाला असता ते सांगायच्या, अगदी आपल्या अलिबागी मराठीत. "मी खाल्लेत ते पेढे," तू म्हणालीस. "तो मुलगा मेलाच नसेल, तर कुठे असतो ते सांगा साहेब. मी तिकीट काढून भेटायला जाते." मी तुला वडील गेले तेव्हाही असं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की नोकरीचं भानच राहिलं नाही.

साहेब पोळीचा तुकडा तुपात फिरवत राहिले. बोलली ती तुझी नात, आणि चक्क मराठीत, जे ती सहसा टाळते. "पण आजी, तू होतीस म्हणून सांगितलंस. डॉक्टर आता नाही. तू पण नसशील. मेलेली माणसं उत्तर द्यायला कशी येणार?" तू तिच्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "जेव. पोळी गार होते आहे."

साहेब जाताना "इन्शाल्ला, बघू," म्हणाले. इथे ह्याचा अर्थ काय होतो ते आम्हाला माहीत होतं, मी रिकामे खोके कुठे मिळतात ह्याची चौकशीसुद्धा केली. पण त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नोकरी दिली, पण रुवैसच्या रिफायनरीकडच्या साइटवर, गाडीने तीन तास लांब. हे गुरुवारी संध्याकाळी घरी येणार, शनिवारी परत जाणार. ह्यांचं अजूनही ठाम मत आहे, की साहेबांना इंजिनिअर पसंत होता, फक्त त्याची सासू शक्य तितकी दूर ठेवायची होती. साहेबांचं मन बदललं का, ते कळलं नाही. पुढे मंडळात भेटले की ते तुझी चौकशी करायचे, आणि आमच्याकडे जेवायला यायचं मात्र टाळायचे. शुगर, म्हणायचे.

आज सकाळी मी धीर करून पोरीला सांगितलं, बाई गं, आजी असं म्हणालीच नव्हती. तर म्हणते, "ममा, यू वेअर इन द किचन." मी किचनमध्ये! मग पोळ्या काय उडत येत होत्या? म्हटलं, दारात उभी होते, कानांनी ऐकलंय. ती म्हणाली, "शेवटी ती गप्प बसली ना? मीन्स शी अ‍ॅग्रीड." हे ऐकून आधी मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. आणि मग भांडी घासताना वाटलं, तू खरंच का गप्प बसलीस? तुझ्याकडे उत्तर नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तुला पटलं होतं, की पाहुण्यासमोर नातीचा पाणउतारा नको म्हणून थांबलीस? तेव्हा विचारायचं राहून गेलं, पुढच्या वर्षी तू गेलीस.

आई, मला आता पोरीचं पटतं. डॉक्टरीणबाई गेल्या, तू गेलीस, त्या मुलाचा वाढदिवस कधी होता हेसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्या बाजूने कायद्याने तरी उभं राहावं. तिला मी पुन्हा काही सांगणार नाही, हा कागदही दाखवणार नाही. परवा ती तुझं नाव घेऊन ते वाक्य म्हणेल आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवीन. तुझ्याशी वाद घालून मी आयुष्यात कधी जिंकले नाही. आता जिंकते आहे, ते तू उत्तर द्यायला येऊ शकत नाहीस एवढ्याच जोरावर.